सत्तेचाळीस मुठी

आमच्या कारखान्याच्या एका फाइलमध्ये माझ्या सहीच्या वर एक खोटं वाक्य आहे. ‘वजनकक्षातील कामगाराच्या निष्काळजीपणामुळे पोषकद्रव्याचे प्रमाण वाढले.’ वाक्य मी रचलेलं नाही. सही मात्र माझी आहे, आणि ती करताना मी पूर्ण शुद्धीवर होतो. या गोष्टीला दोन वर्षं झाली. अजून ते वाक्य आठवलं की माझं डोकं तापतं.

कान्हे फाट्यापासून आत एका लहान कारखान्यात मी फर्मेंटेशन विभाग सांभाळतो. तुंगार्लीहून रोज जाऊन-येऊन करतो. आम्ही टाकीत बुरशी वाढवतो. दोन हजार लिटर पाणी, शंभर किलो साखर, थोडे क्षार, थोडं अमोनियम सल्फेटसारखं नायट्रोजनयुक्त खाद्य. पाच दिवसांत बुरशी साखरेपासून एक पॉलिसॅकराइड बनवते, डिंकासारखं. आम्ही त्याला डिंकच म्हणतो. औषधांच्या कॅप्सूलला, गोळ्यांच्या लेपाला ते लागतं.

या कामातली खरी गंमत खाद्यात आहे. नायट्रोजन मिळतो तोवर बुरशी स्वतःचं अंग वाढवते. तो संपला आणि साखर मात्र शिल्लक राहिली, की तिची वाढ थांबते आणि ती उरलेल्या साखरेचा डिंक करायला लागते. म्हणजे आम्हाला तिला साखरेत लोळवायचं असतं आणि नायट्रोजनला मोताद ठेवायचं असतं. नायट्रोजन जास्त झाला तर टाकीत बुरशीच बुरशी होते आणि डिंक निम्म्यावर येतो. नवीन माणसाला हे पटत नाही. चांगलं खायला घातलं तर जास्त माल मिळेल, असंच सगळ्यांना वाटतं.

यातलं कोरडं सगळं मोजून द्यायचं काम एका मावशींकडे होतं. आंदर मावळातल्या एका वाडीतल्या. पहाटे वाडीतून उतरून तासभर चालायचं, मग जीप, मग कारखाना. अकरा वर्षं कंत्राटावर, आणि अकरा वर्षांत त्यांनी केलेल्या वजनात मला एकदाही फरक सापडला नव्हता. मी शोधायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. माझा स्वभावच तसा आहे. घरी दुधाची पिशवीसुद्धा मी काट्यावर ठेवतो, आणि बायको म्हणते, “एक दिवस मलाही ठेवा काट्यावर आणि पावती द्या.”

मावशींकडून मी दरवर्षी घरचा इंद्रायणी तांदूळ घेतो. त्या पायलीने मापतात. मापाला शीग लावायची, म्हणजे कडेच्या वर दाण्यांचा ढीग राहू द्यायचा, आणि ते पिशवीत ओतलं की वरून एक मूठ टाकायची. त्यांच्याकडे सगळ्यांचीच ही रीत आहे. देणाऱ्याने मापावर थांबायचं नसतं. एका वर्षी जेवणाच्या सुट्टीत मी हे सगळ्यांना सांगत होतो. सांगता सांगता म्हणालो, “आमच्या मावशी कंपनीतसुद्धा वरून मूठ टाकत असतील.”

मावशी भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, “टाकते की! कंपनीची बरकत नको व्हय?”

सगळे हसले. आमचे नवे प्लँट हेडही हसले. ते तेव्हा नुकतेच पुण्याहून आले होते. ते हसले आणि त्यांनी ते लक्षात ठेवलं. हे मला नंतर कळलं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या लागोपाठ तीन बॅच बिघडल्या. नेहमी लिटरमागे अठ्ठावीस ग्रॅम डिंक मिळायचा. पहिल्या बॅचला चौदा, दुसरीला तेरा, तिसरीला तेरा. बुरशीचं वजन मात्र सातवरून अकरा ग्रॅमवर गेलेलं. टाकीतला नमुना मी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडाला धरला. एरवी तो चमच्याला चिकटून लांब तार काढतो. हा ताकासारखा पडत होता.

मावशी शेजारी हात पुसत उभ्या होत्या. त्यांनी ग्लासात पाहिलं आणि म्हणाल्या, “माजलंय हे.”

“काय?”

“भाताला युरिया लय पडला की असंच हुतं, भाऊ. पात हिरवीगार, बगणारा खूश. लोंबी चोळून बगा, आत काय न्हाई.”

शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या बाईने एका वाक्यात सगळं सांगितलं. मला इतका आनंद झाला की त्याच दुपारच्या बैठकीत मी ते सगळ्यांसमोर सांगितलं. दहा माणसं होती. मी म्हणालो, नायट्रोजन जास्त होतोय, आणि आमच्या मावशींनी तर ते नुसतं बघून ओळखलं.

प्लँट हेड म्हणाले, “बघून? की माहीत होतं म्हणून?”

मला आधी त्यांचं बोलणंच समजलं नाही. ते पुढे म्हणाले, “अमोनियम सल्फेट कोण मोजतं? त्याच ना? आणि वरून मूठ टाकायची सवय आहे, हे तुम्हीच सांगितलं होतंत. त्यांनी स्वतः कबूल केलं होतं, माझ्यासमोर.”

“साहेब, ती चेष्टा होती.”

“मग काट्याच्या पावत्या दाखवा.”

पावत्या नव्हत्या. काट्याचा प्रिंटर मे महिन्यापासून बंद होता. तो दुरुस्त करा म्हणून मी तीनदा लिहून दिलं होतं, आणि तिन्ही अर्ज याच साहेबांच्या टेबलावर पडून होते. तोवर मावशी काट्यावरचा आकडा वहीत हाताने लिहीत होत्या. हाताने लिहिलेल्या आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा, असं साहेब म्हणाले. मावशींना आत बोलावलं गेलं. त्या दाराशी उभ्या राहिल्या. त्यांना कोणी बसा म्हणालं नाही. मीही नाही.

“मावशी, तुमच्या हाताला सवय आहे. तुमचा दोष नाही. पण इथे ग्रॅममध्ये काम चालतं,” साहेब म्हणाले.

“मी गरामातच करते, साहेब.”

“मूठ टाकत नाही?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं.

ग्राहकाला कारण कळवायचं होतं. अहवाल टाइप करून आला आणि माझ्यापुढे सरकवला गेला. “फॉर्मॅलिटी आहे. त्यांना कंत्राटदार दुसरीकडे लावेल. तुमच्याकडे दुसरं कारण आहे का? आकड्यानिशी?” साहेबांनी विचारलं.

माझ्याकडे दुसरं कारण नव्हतं. आणि आकडा नसताना बोलायचं नाही, हा माझा आयुष्यभराचा नियम. त्या नियमाचा मला आज संताप येतो. बाई निर्दोष आहे म्हणायला मला आकडा हवा होता. ती दोषी आहे यावर सही करताना मी आकडा मागितला नाही. सही केली, तारीख टाकली, वेळसुद्धा टाकली, तीन वाजून दहा मिनिटं. इतका काटेकोर मी!

मावशींना दुसऱ्या दिवसापासून गेटवर अडवलं. कंत्राटदाराने त्यांना कुठेही लावलं नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, “दूधवाल्याशी पाच मिलिलिटरवरून भांडता. तिथे काय झालं होतं?” ती पुन्हा भाजी निवडायला लागली. तेवढं मला पुरलं.

चौथ्या बॅचला मी स्वतः वजनकक्षात उभा राहिलो. प्रत्येक पुडी मी मोजली, दोनदा. मूठ सोडा, चिमूटही वर गेली नाही. पाच दिवसांनी नमुन्यात मद्यार्क ओतला, डिंकाचे पांढरे धागे काढून वाळवले आणि वजन केलं. तेरा ग्रॅम.

मी तो आकडा घेऊन साहेबांकडे गेलो. “मावशी नव्हत्या. हात माझा होता.”

“मग टाकीत जुनं काही राहिलं असेल,” ते फोनवरून नजर न काढता म्हणाले.

तिथून खरी शोधाशोध सुरू झाली, जी मी सहीच्या आधी करायला हवी होती. आमच्या खाद्यात नायट्रोजन दोन वाटांनी येतो. एक अमोनियम सल्फेट, बॅचला बाराशे ग्रॅम. दुसरं मक्याचं पाणी, बॅचला वीस लिटर. स्टार्चच्या कारखान्यात मका भिजवतात, ते पाणी आटवून पिंपांत भरून विकतात. त्यात मक्यातलं बरंच सत्त्व उतरलेलं असतं. ते पाणी मावशी मोजत नव्हत्या. ते पिंपातून पंपाने, लिटरच्या मापाने, थेट टाकीत जायचं.

पिंपं ऑगस्टमध्ये नव्या पुरवठादाराकडून आली होती आणि जुनी संपल्यावर, पहिल्या बिघडलेल्या बॅचपासून, वापरात आली होती. आधी मी त्यांच्याकडे लक्षच दिलं नव्हतं, कारण लेबल तेच होतं आणि लिटरही तेच. त्या दिवशी मी ते पाणी मगाने ओतून पाहिलं. काकवीसारखं दाट. कपाटात जुन्या पिंपाची नमुन्याची बाटली होती. तिच्यातलं एक लिटर काट्यावर ठेवलं, अकराशे ग्रॅम. नवीन एक लिटर, बाराशे चाळीस. दोन्ही वाळवून पाहिली. नव्यात घनभाग दुप्पट. मग दोन्हींतल्या नायट्रोजनचं प्रमाण काढलं. जुन्यात शेकडा एक पूर्णांक आठ, नव्यात तीन पूर्णांक सहा. म्हणजे त्याच वीस लिटरमधून पूर्वी सुमारे चारशे ग्रॅम नायट्रोजन जायचा, आता नऊशेच्या आसपास. जास्तीचा जवळजवळ पाचशे. खरेदी खात्याने पुरवठादार बदलला होता. पुरवठादाराने कागद पाठवला होता आणि त्यावर हे स्पष्ट छापलेलं होतं. तो कागद कोणी वाचला नव्हता. तोही साहेबांच्याच टेबलावरून पुढे गेला होता, कोपऱ्यात त्यांची सही होती.

एवढ्यावर मी थांबू शकलो असतो. पण मला तो मुठीचा आरोप आकड्यानेच ठेचायचा होता. अमोनियम सल्फेटची एक मूठ अंदाजे पन्नास ग्रॅम धरली, तर तिच्यात नायट्रोजन साडेदहा ग्रॅम. जास्तीचा पाचशे ग्रॅम नायट्रोजन मुठींनी टाकायचा तर सत्तेचाळीस मुठी लागतात. एका बॅचला. मूळ वजन बाराशे ग्रॅम आणि वरच्या मुठी दोन किलो साडेतीनशे! तीन बॅचमध्ये पोत्यातलं सात किलो खत जास्त संपायला हवं होतं. मी पोतं काट्यावर चढवलं. वहीप्रमाणे जेवढं हवं तेवढंच होतं. हे पोतं त्या बैठकीच्या दिवशीही तिथेच होतं, बैठकीच्या खोलीपासून वीस पावलांवर. कोणालाही ते उचलून पाहता आलं असतं. मलासुद्धा.

रविवारी मी वाडीवर गेलो. वडगावहून जीप, मग चढ. झोडणीचे दिवस होते. खळ्यावर मावशी, त्यांची जाऊ आणि आणखी दोन-तीन बायका भात मापत होत्या. मला पाहून जाऊ म्हणाली, “आलं बगा कंपनीचं साहेब. बये, आता मूठ मोजून टाक, न्हाईतर आपलं खळं बी बंद करतील.”

बायका हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी मला पाणी दिलं.

मी सगळं सांगितलं. पिंप, दाट पाणी, सत्तेचाळीस. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“म्हंजे माजलंच हुतं,” त्या म्हणाल्या.

“हो. तुम्ही म्हणालात तसंच.”

“आन मी सांगितलं म्हून मीच टाकलं म्हणले.”

“मावशी, माझं चुकलं.”

“तुमचं तर चुकलंच.” त्या उठल्या, सुपातलं भात पाखडायला लागल्या. “लय वंगाळ वाटलं, भाऊ. तुमी तांदूळ न्हेताय आमचा. तुमास्नी ठावं हाय मूठ कशाची असती.”

“तुम्हाला परत घ्यायला लावतो मी.”

“काम पायजेच हाय. न्हाई कशाला म्हनू? पर माझा हात खोटा म्हणले ते दहा माणसांत. आता त्याच दहा माणसांत म्हणा, खोटा न्हवता म्हून. गुपचूप न्हाई यायची मी.”

सोमवारी मी साहेबांपुढे कागद ठेवले. त्यांनी ते चाळले, पुरवठादाराच्या कागदावरची स्वतःची सही पाहिली आणि कागद उलटा करून ठेवला. “ठीक आहे. ग्राहकाला ‘कच्च्या मालातील बदल’ कळवू. मक्याचं पाणी दहा लिटर करा. विषय संपला.”

“आणि मावशी?”

“येऊ देत की. मी कधी नको म्हणालो?”

“त्यांना बैठकीत सांगायला हवं.”

“अहो, आता कशाला ड्रामा?”

मी म्हणालो, सांगितलं नाही तर दहा लिटरच्या सूचनेवर मी सही करणार नाही. माझ्या सहीशिवाय बॅच लागत नाही. नोकरीत तेवढं एकच हत्यार माझ्या हातात आहे आणि ते मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा काढलं.

बुधवारी त्याच खोलीत तीच दहा माणसं बसली. या वेळी मी मावशींना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. मी आकडे वाचले. वाचून झाल्यावर सगळे साहेबांकडे पाहायला लागले.

“तर टेक्निकली कारण वेगळं निघालं. चांगलं टीमवर्क झालं,” साहेब म्हणाले.

मावशी म्हणाल्या, “साहेब, त्या दिशी हितंच म्हणला हुतासा, माझ्या हाताला सवय हाय म्हून. आता हातावर काय ते बोला.”

“मावशी, ते जनरल होतं. पर्सनल नव्हतं काही.”

“हात तर माझाच हुता न्हवं?”

मी छोटा काटा आणि अमोनियम सल्फेटचा डबा मुद्दाम आणून ठेवला होता. मावशींनी डबा पुढे ओढला, मूठ भरली आणि काट्यावर सोडली. पन्नास. पुसून पुन्हा सोडली. एकावन्न. तिसऱ्यांदा पन्नास. सगळे त्या लाल आकड्यांकडे बघत होते.

“अशा सत्तेचाळीस टाकू का? बसा मग समदी, मोजा,” त्या म्हणाल्या.

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. साहेबांचा फोन वाजला. “पॉइंट नोटेड,” असं म्हणून ते फोन कानाला लावून बाहेर गेले. परत आले नाहीत. ‘तुमचा हात खोटा नव्हता’ हे चार शब्द त्या माणसाने शेवटपर्यंत उच्चारले नाहीत. मग ते मी उच्चारले, मोठ्याने, उरलेल्या माणसांसमोर. ते माझ्याकडून ऐकायचे नव्हते, हे मावशींच्या तोंडावर दिसत होतं.

मी फाइल मागवली. आमच्याकडे नोंदीत खाडाखोड चालत नाही. चुकीच्या मजकुरावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. मी त्या वाक्यावर रेघ मारली. खाली लिहिलं, ‘वरील विधान चुकीचे होते. तपासणी न करता मी सही केली.’ मावशींनी मान तिरकी करून पाहिलं.

“अजून वाचता येतंय की ते.”

“नियम आहे तसा. पुसायचं नसतं.”

“ऱ्हाऊ द्या मग. वाचू द्या काय लिवलं हुतं ते.”

त्या दुसऱ्या दिवसापासून कामावर आल्या. बॅच पुन्हा सत्तावीस-अठ्ठावीसवर गेली. प्रिंटर आठवड्यात दुरुस्त झाला. साहेब पुढच्या वर्षी बढती घेऊन दुसऱ्या कारखान्यात गेले. निरोपाच्या भाषणात त्यांनी डिंकाचं उत्पादन सावरल्याचा उल्लेख केला. मी चहा तसाच ठेवून बाहेर आलो.

मार्गशीर्षात मी नेहमीप्रमाणे तांदूळ आणायला वाडीवर गेलो. मावशींनी पायली भरली. शीग लावली नाही. मापाच्या कडेवरून पंजा सपाट फिरवला, वरचे दाणे परत पोत्यात पाडले आणि माप माझ्या पिशवीत ओतलं. दुसरं तसंच. तिसरं तसंच. चौथं झाल्यावर मी पिशवी उघडी धरून थांबलो. सवयीने.

“झालं, भाऊ. बरोबर हाय. मोजून घ्या,” त्या म्हणाल्या आणि पोत्याचं तोंड बांधलं.

मागे जाऊ उभी होती. या वेळी चेष्टा न करता ती सूप उचलून आत गेली.

घरी बायकोने पिशवी उचलून विचारलं, “काट्यावर ठेवायची ना?” मी नको म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तांदूळ डब्यात ओतला. यंदाही मावशींनी तसंच सपाट मापून दिलं. वाडीत बाकीच्या बायका अजून वरून मूठ टाकतात.